‘कॉपी झाली’ म्हणजे नेमकं काय झालं?

संगणकावरची एखादी फाइल दुसऱ्या डिस्कवर न्यायला सांगितली, की पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत जाते. पट्टी भरून नाहीशी झाली, की आपण म्हणतो, झालं काम. दहा-वीस फोटो असतील तर बहुधा ते झालेलंही असतं. पण शेकडो गिगाबाइटचा ऐवज असेल, तर पट्टी भरणं वेगळं आणि ऐवज जसाच्या तसा पोचणं वेगळं. मी कवितेतला माणूस, बी. ए. झालेला. यंत्रांचं शिक्षण मला नाही. पण हे कोडं आमच्या घरात आलं आणि त्याचा छडा कसा लागला, ते मी शेजारी बसून पाहिलं आहे.

ऐवज असा होता. १९९०च्या दशकात मी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांमधून मुसलमान बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर घेतल्या. घरात दखनी बोलणाऱ्या या बाया जात्याशी बसल्या की मराठीत गायच्या. नव्वद मिनिटांच्या ६० कॅसेट भरल्या. गाणाऱ्यांपैकी फार थोड्या आज हयात आहेत. कॅसेटच्या फितीही म्हाताऱ्या झाल्या; काही जेमतेम एकदा वाजल्या, पुन्हा वाजतील असा भरवसा नाही. २०२२ साली भाच्याने त्या सगळ्या उत्तम प्रतीत संगणकात उतरवल्या. तासाला सुमारे दोन गिगाबाइट, एकूण जवळजवळ १८५ गिगाबाइट. संगणक जुना, त्यावर लिनक्स. (लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना सुरू केलेली ही प्रणाली फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही निमूट चालते.) मग बाहेरच्या डिस्कवर दुसरी प्रत केली. पट्टी भरली. कसलीच तक्रार आली नाही.

त्या प्रतीतली एक ओवी ऐकताना मध्येच ‘टक्’ असा आवाज आला. मूळ फाइलमध्ये त्याच जागी कान लावला, तर तिथे आवाज स्वच्छ.

भाच्याने एक शहाणपण आधीच केलं होतं. प्रत्येक फाइलचा ठसा काढून ठेवला होता. ‘शा-२५६-सम’ नावाची एक आज्ञा लिनक्समध्ये असते. ती अख्खी फाइल वाचते आणि तिच्यावरून ६४ अक्षरांची एक ओळ तयार करते. दोन तासांच्या आवाजातला एक कण जरी बदलला, तरी ती ओळ पार वेगळी येते. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात हाफिज कुराण तोंडपाठ म्हणतो, तेव्हा त्याच्या मागे दुसरा हाफिज कान देऊन उभा असतो. शब्द चुकला की मागून टोकतो. वेदपाठी मंडळींनीही पद, क्रम, जटा, घन असे पाठ याचसाठी बांधले. म्हणणारा कितीही तयारीचा असला, तरी पडताळा वेगळा लागतो, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. तर नव्या प्रतीचे ठसे जुन्या यादीशी ताडून पाहिले. ६० पैकी ७ जुळेनात.

सगळ्यांनी डिस्कला दोष दिला. दुकानदाराने ती बदलूनही दिली. नव्या डिस्कवर पुन्हा प्रत केली, तर ५ फाइली जुळेनात, आणि त्या आधीच्या सातांपैकी नव्हत्या.

भाचा म्हणाला, “मामू, डिस्कवर आळ घेऊ नका. ती खराब असती तर ओरडली असती.”

हे ‘ओरडणं’ समजून घेण्यासारखं आहे. डिस्कवर माहिती लिहिताना तिच्यासोबत चूक पकडणारे जादा अंकही लिहिले जातात. एखादी जागा खराब झाली, की डिस्क बहुधा चुकीचं वाचून देत नाही. वाचता येत नाही असं सांगते. लिनक्स ते आपल्या रोजनिशीत नोंदवतो, आणि ‘डीमेसेज’ या आज्ञेने ती रोजनिशी वाचता येते. शिवाय डिस्क स्वतःच्या तब्येतीचीही नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. किती जागा बाद झाल्या, किती संशयित आहेत, हे तिथे दिसतं. संगणकाच्या आत केबलने जोडलेल्या डिस्कमध्ये सीआरसी चुकांचा एक आकडा असतो. तो वाढत असेल तर आधी केबल बदलून पाहावी, डिस्क नव्हे. आमच्याकडे रोजनिशी कोरी होती आणि दोन्ही डिस्कची तब्येत ठणठणीत.

मग त्याने प्रत बाजूला ठेवली आणि मूळ फाइलींचेच ठसे दोनदा काढले. फाइलींना कुणी हात लावला नव्हता, तरी दोन वेळच्या याद्या एकमेकींशी जुळल्या नाहीत. म्हणजे लिहिणं सोडाच, वाचतानाच वाटेत काहीतरी बदलत होतं. रात्री त्याने ‘मेमटेस्ट’ हा कार्यक्रम लावून ठेवला. तो संगणकाच्या स्मृतीचा, म्हणजे रॅमचा, कोपरा न् कोपरा तपासतो. सकाळी पडद्यावर चुकांची लाल रांग होती.

पण मग एरवी संगणक सुरळीत कसा चालत होता? मी पत्रं लिहीत होतो, कविता टंकत होतो, कधी अक्षर बदललं नाही. याचं कारण लिनक्सच्या स्वभावात आहे. रिकामी पडलेली रॅम तो वाया जाऊ देत नाही. डिस्कवरून येणारी-जाणारी माहिती तो आधी तिथे उतरवून घेतो. छोट्या कामात रॅमचा थोडासा भाग वापरला जातो. १८५ गिगाबाइटची मिरवणूक निघाली, की सगळी रॅम भरते, आणि त्यात तो एक नासका कोपराही येतो. तिथून जाणाऱ्या कणाचा शून्याचा एक होतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. मोठ्या कामाच्या सर्व्हरमध्ये अशी चूक पकडणारी रॅम असते. घरगुती संगणकात ती सहसा नसते.

याच स्वभावामुळे आणखी दोन गोष्टी जपाव्या लागतात. पट्टी भरली तरी शेवटचा बराच माल रॅममध्येच थांबलेला असू शकतो. डिस्क रीतसर बाहेर काढायची आज्ञा द्यावी, आणि ती ‘थांबा’ म्हणाली तर थांबावं. आणि प्रत तपासायची ती डिस्क काढून, पुन्हा जोडून. नाहीतर संगणक रॅममधलीच प्रत वाचतो आणि डिस्कवर काय उतरलं ते कळतच नाही.

दुकानदाराने ‘एफएससीके’ चालवायचा सल्लाही दिला होता. तो ऐकला नाही हे बरं झालं. हा कार्यक्रम फाइलींची वही नीट लावतो, मजकूर दुरुस्त करत नाही. रॅम बिघडलेली असताना तो चालवला तर धडधाकट वहीवरही चुकीच्या दुरुस्त्या लिहू शकतो. आणि डिस्कच खरोखर मरत असेल, तर आधी तिच्यातलं जेवढं निघेल तेवढं दुसरीकडे उतरवून घ्यावं. लिनक्समध्ये त्यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ आहे. वही मागाहून.

हा घोळ आमच्या जुन्या यंत्रापुरताच नाही. २००७ साली युरोपातल्या सर्न या भौतिकशास्त्राच्या संस्थेने आपल्या तीन हजारांहून अधिक संगणकांवर ठरावीक मजकुराच्या फाइली लिहून, परत वाचून ताडून पाहिल्या. सुमारे ५ आठवड्यांत कोणतीही सूचना न देता बदललेल्या माहितीची जवळजवळ ५०० उदाहरणं निघाली. कधी खुद्द प्रणालीचंच चुकतं. डिसेंबर २०२३मध्ये डेबियन या लिनक्सच्या १२.३ आवृत्तीच्या सीडी-प्रतिमा रोखून धराव्या लागल्या, कारण तिच्या गाभ्यात ‘एक्स्ट-४’ या फाइलपद्धतीतली माहिती बिघडवणारा दोष सापडला. दुरुस्त आवृत्ती लगोलग आली. ‘बीटीआरएफएस’सारख्या पद्धती मजकुराचा ठसा स्वतःच ठेवतात, ते चांगलंच आहे. पण ठसा काढण्याआधीच रॅमने कण बदलला, तर चुकीच्या मजकुराचा बिनचूक ठसा जपला जातो. म्हणून यादी मुळापासूनची हवी.

रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढली, उरलेलीवर रात्रभर चाचणी लावली; एकही चूक आली नाही. तिसऱ्यांदा प्रत केली आणि साठही ठसे जुळले. आता तीन डिस्क आहेत, एक दुसऱ्या गावी असते. ठशांची यादी कागदावर छापून फाइलीत लावली आहे. वर्षातून एकदा प्रत्येक डिस्क जोडून सगळे ठसे पुन्हा काढतो. एका डिस्कला पाऊण तास लागतो.