लाल दिवा लागला, तर पुढचा ढाबा विसरा

बडोद्याहून बोलतोय. माझं इथं गॅरेज आहे. मार्च लागला की शटर वर करायच्या आधीच एखादी गाडी टोचन करून दारात आणून ठेवलेली असते. मालक शेजारी उभा, चेहरा उतरलेला, "गाडी गरम थई गई." गुजरातीत म्हणा, मराठीत म्हणा, पुढचा माझा प्रश्न एकच असतो: दिवा लागल्यावर किती किलोमीटर चालवली?

आज डॅशबोर्डवरच्या दोनच दिव्यांबद्दल बोलायचं आहे. एक लाल, लाटांमध्ये उभ्या केलेल्या थर्मामीटरसारखा. दुसरा पिवळा, इंजिनच्या आकाराचा. लोक या दोघांना नेमकी उलट वागणूक देतात. पिवळा लागला की घाबरून गाडी भर रस्त्यात थांबवतात. लाल लागला की म्हणतात, जवळच आलोय, हळूहळू नेतो.

पिवळ्याचं आधी उरकून टाकू. तो स्थिर जळत असेल, गाडी नेहमीसारखी ओढत असेल, वेगळा आवाज नसेल, तर दोन-तीन दिवसांत स्कॅनर लावून कोड बघून घ्या. पण पेट्रोल गाडीत तोच दिवा उघडझाप करू लागला आणि इंजिन धक्के देऊ लागलं, तर गोष्ट वेगळी. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये, ते तसंच सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं जळतंय. तो भाग महाग असतो. ॲक्सिलरेटर सोडा आणि सोयीची जागा बघून थांबा.

आता लाल. तुमच्या घरातला कुकर डोळ्यासमोर आणा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं, पण झाकण घट्ट लावून दाब वाढवला की त्याहून जास्त तापूनही ते उकळत नाही. रेडिएटरचं झाकण हेच काम करतं. त्या दाबामुळे आणि पाण्यात मिसळलेल्या ग्लायकोलमुळे कूलंट १२० अंशांच्या आसपाससुद्धा द्रव राहतं. म्हणून तापलेल्या गाडीचं झाकण फिरवणं म्हणजे शिट्टी न काढता कुकर उघडणं. हात-तोंड भाजून घेतलेले लोक मी पाहिलेत. वरचा जाड रबरी होज हातात धरवतो का, दाबला तर मऊ लागतो का, हे बघा. तो कडक आणि चटका देणारा असेल तर झाकणाला हात लावायचा नाही.

एका ग्राहकाची हकीकत सांगतो. धामणोदहून मानपूरचा घाट चढून ते इंदूरला निघाले होते. एसी चालू, गाडीत पाच माणसं. चढावर काटा वर गेला, लाल दिवा लागला. वर पोचून थांबू, असं त्यांनी ठरवलं. थोड्या वेळानं काटा आपोआप खाली आला. त्यांना वाटलं, गाडी थंड झाली. ते निर्धास्त चालवत राहिले, आणि काही मिनिटांनी इंजिन धरलं.

झालं असं की होजची क्लिप ढिली होऊन सगळं कूलंट रस्त्यावर गेलं होतं. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंटच संपल्यावर तो कोरडा पडतो आणि खोटं तापमान सांगतो. मंडळी, एवढं एक पक्कं लक्षात ठेवा. वर गेलेला काटा तुम्ही काहीही न करता अचानक खाली आला, तर ती सुटका नाही. हीटर चालू असताना गरम हवा एकदम गार झाली, तर त्याचाही अर्थ तोच. क्लिप काही रुपयांची होती. पुढे हेड वाकलं, गॅस्केट गेलं, पिस्टन घासले. ॲल्युमिनियमचं हेड तापानं पटकन वाकतं. आणि साधी विमा पॉलिसी असा यांत्रिक बिघाड भरून देत नाही.

मग करायचं काय? काटा नुसता चढू लागला असेल, दिवा अजून लागला नसेल, तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा. मे महिन्यात हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. खिडक्या उघडा आणि घाम पुसत जागा शोधा. बऱ्याच छोट्या गाड्यांना आता काटाच नसतो, थंड इंजिनचा निळा दिवा आणि तापल्याचा लाल, बस. त्यांना ही आगाऊ सूचना मिळत नाही. लाल लागला की बाजूला घ्या. वाफ येत असेल, खाली कूलंट सांडत असेल किंवा रेडिएटरचा पंखा फिरत नसेल, तर इंजिन लगेच बंद. अर्धा तास तरी थांबा, उन्हात जास्त. पंख्यापाशी बोटं नेऊ नका, किल्ली काढल्यावरही तो फिरू शकतो. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लावा.

थंड झाल्यावर, नाइलाज असेल तर पिण्याच्या पाण्याची बाटली हळूहळू ओतली तरी चालते. पण लिटरभर पाणी मावलं, तर ते कुठून तरी गळतंय, हे ओळखा आणि जवळच्या मेकॅनिकपलीकडे जाऊ नका. बोअरचं पाणी कायमचं भरून ठेवू नका. आमच्या गुजरातेत काय किंवा तिकडे मराठवाड्यात काय, त्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या आतून बुजतात. डिपस्टिकवरचं ऑईल दुधाळ चहासारखं दिसलं तर गाडी सुरूच करू नका.

काही मिस्त्री अजूनही सल्ला देतात, थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणारच नाही. जुन्या गाड्यांत हा जुगाड खपून जायचा. आताच्या गाडीत इंजिन हवं तितकं गरम होत नाही, कॉम्प्युटरला ते थंडच वाटतं, तो पेट्रोल जास्त सोडतो आणि काही दिवसांनी तुमच्या डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा लागतो. असा पिवळा दिवा घेऊन आलेल्या गाडीचं थर्मोस्टॅटचं घर मी आधी उघडून बघतो. पुष्कळदा ते रिकामं सापडतं.

आणि हो, काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. त्यातलं इथिलिन ग्लायकोल चवीला गोड असतं आणि विषारी. कुत्री-मांजरं ते चाटतात. आम्ही ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर लेबल लावून, मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवतो.