नित्यनेम आणि औषध
(ज्युबिली महोत्सवाच्या निमित्ताने भिवंडी येथे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगी धर्मग्रामाच्या गतकालाचे स्मरण करणे उचितच आहे. परंतु जे धर्मग्राम आपल्या आजाऱ्यांस विसरते, त्याचा उत्सव अपुराच म्हणावयाचा. म्हणून आज आम्ही दिसावयास साध्या, पण पुष्कळ घरांत प्राणाशी गाठ असलेल्या एका विषयावर बोलणार आहोत. तो विषय म्हणजे, दीर्घकाळ घ्यावयाचे औषध नेमाने कसे घ्यावे.

जगातील दर चार क्षयरोग्यांपैकी सुमारे एक आपल्या देशात आहे. साध्या क्षयावर सहा महिने औषध घ्यावे लागते. पहिले दोन महिने चार औषधे व पुढे चार महिने तीन. मधुमेह व रक्तदाब यांची औषधे तर बहुधा जन्मभराची सोबत. अडचण अशी की, क्षयरोग्यास थोड्याच आठवड्यांत बरे वाटू लागते. खोकला थांबतो, अन्न गोड लागते, आणि गोळ्या मागे पडतात. परंतु उरलेले जंतू मेलेले नसतात. ते पुन्हा डोके वर काढतात, कधी त्याच औषधांस दाद देईनासे होतात, आणि घरातील लेकरांसही धोका उत्पन्न होतो. रक्तदाबात तर दुखतखुपत काहीच नसते. मग औषधाची आठवण कशाने व्हावी?

अशा रोग्यास 'बेफिकीर' म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 साली नमूद केले की, संपन्न देशांतही दीर्घ आजारांची औषधे नीट घेणारे सरासरी निम्मेच असतात. तेव्हा हा दोष एखाद्याच्या शीलाचा नसून मनुष्यस्वभावाचा आहे, आणि स्वभावावर उपाय सवयीचाच.

याचा एक मोठा दाखला आपल्याच देशात आहे. 1956 साली मद्रास येथे क्षयरोगाच्या औषधोपचाराचे संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे काही रोग्यांस आरोग्यधामात ठेवून, तर काहींस त्यांच्याच दाटीवाटीच्या गरीब घरी ठेवून वर्षभर तेच औषध दिले. आरोग्यधामात विश्रांती होती, सकस अन्न होते. घरी दोहोंची वाण. तरीही 1959 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष दोन्हीकडे जवळजवळ सारखेच निघाले. मात्र घरच्या रोग्यांकडे कर्मचारी अवचित जात व उरलेल्या गोळ्या मोजीत. गरिबाचे घरही रुग्णालय होऊ शकते; त्याला नेमाची जोड हवी, हा त्याचा बोध होय.

पवित्र शास्त्रातील नामानाची कथा आपणांस ठाऊकच आहे. यार्देन नदीत सात वेळा बुडी मारणे त्याला प्रथम फार क्षुल्लक वाटले. पण सहाव्या बुडीनंतर तो माघारी फिरला असता तर? उपाय साधा असतो. तो शेवटपर्यंत नेणे हेच कठीण.

आता सवय जडते कशी? संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात सवयीचा विस्ताराने विचार केला असून, पुनःपुन्हा केलेल्या कृतीने ती दृढ होते असे दाखविले आहे. लंडन येथे झालेल्या व 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नवी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी 66 दिवस लागले. कोणास 18, तर कोणास दोनशेहूनही अधिक. एखादा दिवस चुकल्याने जडत आलेली सवय मोडत नाही, असेही त्यात आढळले. म्हणून एक गोळी राहिली तर हताश होऊन सारेच सोडू नये, आणि आपल्या मनाने दुप्पटही घेऊ नये. डॉक्टरांस विचारावे व पुढे चालावे.

नवी सवय जुन्या सवयीस बांधून द्यावी, हे यातील मर्म. घड्याळाचा भरवसा आपल्या भिवंडीत कितीसा? मागावर काम करणाऱ्याची आज दिवसपाळी, तर पुढे रातपाळी. सकाळी आठ वाजता एकदा तो कामावर निघतो, तर एकदा निजावयास येतो. अशाने वेळेऐवजी कृतीची खूण धरावी. उठल्यावर तोंड धुणे किंवा जेवण आटोपणे या गोष्टी कोणत्याही पाळीत चुकत नाहीत. कोणते औषध उपाशीपोटी व कोणते जेवणानंतर, तसेच पाळी बदलताना काय करावे, हे मात्र डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

आपणां कॅथलिकांस तर असा नेम नवा नाही. आंजेलुसची घंटा, सकाळची प्रार्थना, संध्याकाळची रोझरी यांनी आपल्या पूर्वजांचा दिवस बांधलेला होता. रात्रीची गोळी रोझरीस जोडली, तर एकाच्या आठवणीने दुसरे होईल. प्रार्थना ही औषधाच्या जागी नव्हे, औषधासोबत असावी. बेनसिराच्या पुस्तकाचा 38 वा अध्याय प्रार्थना व वैद्य या दोहोंसही मान देतो.

घरच्यांनी गोळ्यांचा डबा डोळ्यांसमोर, पण मुलांच्या हातास न लागेल असा ठेवावा. लाजेखातर पेटीत दडविलेले औषध विसरले जाते. गोळी घेतल्यावर कॅलेंडरवर खूण करावी. नाताळास वा लग्नकार्यास गावी जाताना नेम हमखास मोडतो. तेव्हा आरोग्यकेंद्रास आधी कळवून औषधाची सोय करून घ्यावी. क्षयाचे औषध सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते.

आणि धर्मग्रामाने काय करावे? 1997 पासून राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात दुसऱ्याच्या देखत औषध घेण्याची पद्धत रूढ झाली. तो दुसरा माणूस डॉक्टरच असावा लागत नाही. शेजारीण, मित्र, मंडळातील एखादा तरुण हे काम शिकून करू शकतो. त्याने दरडावू नये, चारचौघांत रोगाचे नाव काढू नये; दारात उभे राहून "आज झाले ना?" इतके प्रेमाने विचारावे. आजाऱ्यांचा समाचार घेणे हे दयेचे कृत्य आपण लहानपणी पाठ केले आहे. ते सहा महिने रोज करणे हीच त्याची कसोटी.

हा महोत्सव संपेल, पताका उतरतील. त्यानंतरही एखाद्या घरी हा प्रश्न रोज विचारला जावो, आणि प्रभू येशू ख्रिस्त आपल्या आजाऱ्यांस आरोग्य व धीर देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.