पैठणचं पोरगं इजिप्तला निघालं

हेडफोन लावलेत ना? आज बरंच लांब जायचंय, पण निघायचं आपल्या पैठण रोडवरूनच.

2023 च्या एप्रिलमध्ये इजिप्तमधून एक बातमी आली होती. लाल समुद्राच्या काठावर बेरेनिके नावाचं जुनं बंदर आहे, आता नुसती वाळू. तिथल्या इसिस देवीच्या मंदिराच्या आवारात बुद्धाची मूर्ती सापडली, साधारण 71 सेंटिमीटर उंचीची. मूर्तीचे फोटो सगळीकडे फिरले. पण बातमीत खाली अजून एक ओळ होती, ती फार कुणी वाचली नसावी. त्याच उत्खननात सातवाहनांची दोन नाणी मिळाली, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली.

सातवाहन म्हणजे प्रतिष्ठान. प्रतिष्ठान म्हणजे पैठण. शहरातून निघालो तर बाइकवर तासाभराचा रस्ता, वाटेत चहा घेतला तर सव्वा तास.

आता तुम्ही म्हणाल, कोड लिहिणारा माणूस हे काय घेऊन बसला? तर कारण आहे माझी भाची. सातवीत आहे, पुण्यात असते. तिने रिक रिऑर्डनची केन क्रॉनिकल्स वाचली, ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’मधलं वाळवंट मावसभावाच्या लॅपटॉपवर फिरून पाहिलं, आणि मला म्हणाली, “मामा, इजिप्तची गोष्ट मराठीत सांग ना. पण त्यात आपल्यातलं कुणीतरी पाहिजे.” तेव्हापासून दर रविवारी तिला चार-पाच मिनिटांची व्हॉइस नोट जाते. पैठणचा तेरा वर्षांचा एक पोरगा, कण्ह त्याचं नाव, मणी घडवणाऱ्याचा मुलगा, इजिप्तला जातो. आजचा भाग त्या गोष्टीचा नाही, ती कशी बांधतोय त्याचा आहे.

पहिला प्रश्न, कुठला इजिप्त? आपल्या डोक्यात इजिप्त म्हणजे फॅरो, ममी, पिरॅमिड, सगळं एकाच दिवशी चालू. माझी गोष्ट साधारण इसवी सन 60 च्या आसपासची आहे. तेव्हा क्लिओपात्रा जाऊन नव्वद वर्षं झालीत, इजिप्त रोमच्या ताब्यात आहे, आणि खुफूचा मोठा पिरॅमिड 2,600 वर्षांचा म्हातारा झालाय. म्हणजे बघा, आपण कण्हपासून जेवढे लांब आहोत, त्याहून कण्ह पिरॅमिड बांधणाऱ्यांपासून लांब आहे. त्याच्यासाठीही ते ‘प्राचीन इजिप्त’च! हे मला इतकं आवडलं की नाइल नदीतून जाताना तो पिरॅमिड बघतो त्या प्रसंगाला मी अख्खी एक व्हॉइस नोट दिली.

दुसरा प्रश्न, रस्ता कुठला? इथे एक जबरदस्त कागद हाताशी आहे. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक बोलणाऱ्या कुणा व्यापाऱ्याने पहिल्या शतकाच्या मध्यात लिहिलेली प्रवासाची माहितीवही. लेखकाचं नाव त्यात नाही. कुठल्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, कुठे जहाज खडकावर आदळतं, असलं सगळं. मला तर ते वाचताना एखाद्या सीनियरने जाताना लिहून ठेवलेलं डॉक्युमेंटेशन वाटतं. कोरडं, पण प्रत्येक ओळ अनुभवातली.

त्यात पैठण आहे, तेर आहे. बॅरिगाझा, म्हणजे भरूचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून अकीकासारखा दगड जातो, तगरहून कापड, साधंही आणि तलमही. सगळं बैलगाड्यांवर, रस्ता धड नसलेल्या मुलखातून. (आपल्याकडच्या रस्त्यांबद्दल काही बोलत नाही.)

मग मी चक्क एक्सेल शीट केली. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतते, म्हणजे दसऱ्यानंतर निघायचं. वीस दिवस भरूच. तिथून परतीच्या वाऱ्यावर जहाज नोव्हेंबर-डिसेंबरात सुटतं. बेरेनिकेला उतरलं की उंटांवरून कोप्टोसपर्यंत वाळवंट. प्लिनी नावाचा रोमन लेखक सांगतो की हे अंतर बारा दिवसांचं, आणि उन्हामुळे प्रवास बहुतेक रात्रीचा. कोप्टोसला नाइल लागते, मग होडीने अलेक्झांड्रिया. आणि माल रोमच्या हद्दीत आला की चौथा हिस्सा कर! पंचवीस टक्के. भाची म्हणाली, “बाबांना सांगायला पाहिजे, जीएसटीवर फार चिडतात.”

या शीटमध्ये गंमत अशी की परत यायला वारा जुलैशिवाय नाही. म्हणजे पोरगं निदान पाच-सहा महिने तिकडेच अडकणार. मला कथेसाठी संकट शोधावं लागलं नाही, मान्सूननेच दिलं.

खाण्यापिण्याची मात्र पंचाईत झाली. गाडीवाले रात्री थांबलेत, चूल पेटलीय, आणि माझ्या तोंडात पटकन ठेचा-भाकरी येते. पण मिरची नाही! शेंगदाणा नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही, मका नाही. हे सगळं अमेरिका खंडातून पोर्तुगीज वगैरे आल्यानंतरचं. मराठवाड्यातलं पोरगं आणि मिरची नाही, हे भाचीला ममीपेक्षा जास्त भयंकर वाटलं. मग तीळ, डाळी, भात, मिरी यांच्यावर भागवलं.

नावं मी पितळखोऱ्याहून उचलली. कन्नडच्या पुढची ही लेणी अजिंठा-वेरूळच्या सावलीत राहतात, पण तिथे खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलीत. पैठणचा गंधिक, म्हणजे अत्तर-सुगंधाचा व्यापारी, मितदेव. पैठणच्याच संघकाचे मुलगे. तिथे सापडलेल्या एका यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या सोनाराचं नाव आहे, कण्हदास. हे लोक माझ्या गोष्टीच्या शंभर-दोनशे वर्षं आधीचे, म्हणून माणसं नाही घेतली, फक्त नावं घेतली. राजाची नावं सगळ्यांना पाठ असतात हो. अत्तरवाल्याचं नाव दोन हजार वर्षं टिकतं, हे मुलांना सांगायला मला जास्त भारी वाटतं.

आणि ती दोन नाणी? ती गोष्टीत नाहीत. मोह खूप झाला, पण ती दुसऱ्या शतकातली. भाचीने विचारलं, “कुणाला कळणार आहे?” तिला म्हटलं, तुला कळेल ना, आता सांगितलं की.

आपल्या शहरात इतिहास म्हटलं की लगेच आवाज चढतात, तुम्हाला माहीतच आहे. फॅमिली ग्रुपवर ‘पिरॅमिड आपणच बांधले’ टाइपचे फॉरवर्ड रोज येतात. त्यामुळे मी व्हॉइस नोटच्या शेवटी तिला अर्धा मिनिट वेगळं सांगतो, यातलं काय सापडलेलं आहे, काय शक्य आहे, आणि काय मी रचलंय. ती कधी कधी तो अर्धा मिनिटच आधी ऐकते!

आता खरी अडचण. पेरिप्लसमध्ये एक यादी आहे, भरूचच्या राजासाठी परदेशातून काय काय आणतात त्याची. चांदीची भांडी, उंची मद्य, तलम कपडे, मलम. आणि त्याच यादीत, त्याच सुरात, गाणारी मुलं आणि जनानखान्यासाठी सुंदर मुली. भांड्यांच्या शेजारी. कण्हच्या वयाची पोरं.

हे सातवीतल्या मुलीला सांगायचं का? माझी बहीण म्हणाली, “गाळ रे, एवढी छान गोष्ट चाललीय.” तिचं म्हणणं मला पटतही होतं. पण परतीचं जहाज इजिप्तहून भरूचला जातंय, तर त्यावर ती मुलं असणार. ती काढून टाकली तर मग ते जहाज उरतं फक्त मसाल्याच्या जाहिरातीतलं. मुलींबद्दल मी एका वाक्यात थांबलो, त्याहून जास्त तिच्या वयाला नको. गाणारा मुलगा मात्र आणला. त्याला नाव दिलं नाही, कारण कण्हला त्याची भाषा येत नाही. डेकवर रात्री तो गातो, कण्हला शब्द कळत नाहीत, एवढंच.

भाचीचा लगेच मेसेज, “तो घरी जातो का?” मी लिहिलं, भरूचहून घरी जायला वारा लागतो आणि जहाज दुसऱ्याचं असतं. त्यावर दोन दिवस काहीच नाही. मग तिने स्वतःच प्लॅन पाठवला. “मामा, तूच सांगितलंस ना, भरूचचा राजा आणि आपला राजा एकमेकांचे शत्रू आहेत. मग तो कण्हच्या गाडीत लपून पैठणला येऊ शकतो.”

आणि बघा, हे बसतं! भरूचकडचा तो राजा बहुतेक अभ्यासकांच्या मते क्षत्रप नहपान. सातवाहनांशी त्याचं वैर इतकं की पेरिप्लस म्हणतो, कल्याणला चुकून ग्रीक जहाज आलं तर ते पहाऱ्यात भरूचला नेतात. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं आणि त्याच्या नाण्यांवर स्वतःचा ठसा मारला. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला 13,000 हून जास्त नाण्यांचा साठा सापडला, त्यातली बरीचशी अशी दोन्ही राजांचे ठसे असलेली. म्हणजे सीमा खरी, वैर खरं, वीस दिवसांची वाट खरी. लपलेला मुलगा रचलेला.

फक्त, पैठणला पोचल्यावर तो मोकळा असेल का, हे मी अजून लिहिलेलं नाही. शत्रूच्या राजाकडून पळालेला मुलगा इकडच्या राजाने दरबारात गायला ठेवून घेतला तर? भाची म्हणते, मणी घडवायला शिकेल. मी म्हणतो, कण्हच्या बापाला आधी विचारावं लागेल. त्यावर आमचं भांडण चालू आहे.

एक राहिलंच. बेरेनिकेला पाळीव प्राण्यांचं दफनस्थान सापडलंय, पहिल्या-दुसऱ्या शतकातलं. पाचशेच्या वर प्राणी, बहुतेक मांजरी, काहींच्या गळ्यात पट्टे आणि मण्यांच्या माळा. आणि त्यात चक्क भारतातून नेलेली माकडं! त्यामुळे कण्हबरोबर जहाजावर एक माकडही आहे, त्याशिवाय भाची ऐकायलाच तयार नव्हती. त्याला अजून नाव नाही. पितळखोऱ्याला जाणार असाल तर खांबांवरची नावं बघा, एखादं माकडाला शोभेलसं वाटलं तर मला कळवा. पाणी बरोबर न्या, पायऱ्या बऱ्याच आहेत. भेटू पुढच्या भागात.