दात गेला, हाड राखावे



वसंतातील व्याख्यान म्हटले की संतवाङ्मय, इतिहास नाही तर अर्थकारण, अशी आपली अपेक्षा असते. आम्ही मात्र दात काढल्यावर मागे राहणाऱ्या खड्ड्याचा विषय घेऊन आपणांपुढे उभे आहोत. विषय क्षुल्लक वाटेल. पण साठी ओलांडलेल्या कोणाही गृहस्थाला विचारून पाहा, चणे-फुटाण्यांची गोडी कोणत्या साली संपली हे तो नेमके सांगेल.

प्रथम आमचाच दाखला देतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही खालची एक दाढ काढवून घेतली. कापसाचा बोळा दाबून धरला, दोन दिवस मऊ भात खाल्ला आणि ठणक्यातून सुटलो म्हणून समाधान मानले. खड्ड्याविषयी आम्हांस कोणी काही सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. पुढे त्या जागी कृत्रिम दात रोवून घ्यावा असे मनात आले, तेव्हा जबड्याचे छायाचित्र पाहून डॉक्टर म्हणाले, "दात देता येईल हो, पण रोवायचा कशात?" हाडाचा कडा झिजून सुरीच्या पात्यासारखा झाला होता.

असे का होते? दाताभोवतालच्या हाडाचा आतला थर दाताच्या आश्रयाने जगतो. दात आणि हाड यांना जोडणारे बारीक तंतू त्यात रुतलेले असतात. दात गेला की तंतू गेले, आणि त्या थराचे प्रयोजनही संपले. शरीर हिशेबी आहे, निकामी वस्तू ते सांभाळत बसत नाही. गालाकडची भिंत मुळातच पातळ, पुढच्या दातांपाशी तर बहुधा एक मिलिमीटरहूनही कमी. म्हणून ती आधी ढासळते. २०१२ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा, की दात काढल्यावर सहा महिन्यांत हाडाची रुंदी सरासरी ३.८ मिलिमीटर आणि उंची सुमारे सव्वा मिलिमीटर घटते. कृत्रिम मूळ साधारण चार मिलिमीटर जाडीचे असते आणि त्याच्या दोन्ही अंगांना थोडे हाड लागतेच. एवढ्यावरून या घटीचे मोल ध्यानात येईल. २००३ सालच्या एका अभ्यासात असेही दिसले, की पहिल्या वर्षातील रुंदीच्या घटीपैकी दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. तेव्हा विचार करावयाचा तो दात काढण्यापूर्वी.

उरण तालुक्यातील मंडळींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. खारजमिनीचा बांध फुटला आणि वेळीच बांधला नाही, तर पुढे शेत परत मिळवणे किती जड जाते हे येथील आजोबांना ठाऊक आहे. आणि भराव म्हणजे काय हे तर द्रोणागिरीच्या नव्या वस्तीला शिकवावयास नकोच. दाताच्या खोबणीतही भरावच घालतात. दात हळुवार काढायचा, खोबण स्वच्छ करायची, तीत हाडाचे बारीक कण भरायचे, वर पातळ पडदा झाकून टाका घालायचा. जमिनीच्या भरावाप्रमाणे हाही बसू द्यावा लागतो. साधारण तीन ते सहा महिने थांबून मग मूळ रोवतात. कण स्वतः हाड होत नाहीत. ते जागा धरून ठेवतात, आणि त्यांच्या आधाराने आपल्याच पेशी नवे हाड विणतात.

हे कण चार ठिकाणांहून येतात. पहिले रोग्याचेच हाड, पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते. दुसरे मनुष्यदात्याचे, तिसरे जनावराचे, बहुधा गाई-बैलांचे, त्यातील सेंद्रिय भाग काढून टाकलेले. चौथे कृत्रिम, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचे किंवा काचेच्या विशिष्ट जातीचे. वरचा पडदाही पुष्कळदा जनावराच्या कातडीपासून वा स्नायूबंधापासून केलेला असतो.

येथे आम्हांस थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. आपल्या समाजात कोणी गाईचे चालवून घेणार नाही, कोणी डुकराचे, कोणी कोणत्याच प्राण्याचे. आपल्या तोंडात काय भरले जात आहे हे विचारण्याचा रोग्यास अधिकार आहे, आणि विचारण्यापूर्वीच ते सांगणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. पर्याय असताना मौन पाळणे सभ्यपणाचे नव्हे.

मनुष्यदात्याचे हाड म्हटल्यावर काही भगिनींच्या कपाळावर आठ्या पडलेल्या दिसतात. पण मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून परळला जा. तेथील टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी चालते. दान मिळालेले हाड धुऊन, गोठवून सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ते तेथून रोग्यांसाठी दिले जाते. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला. दधीचींनी वज्रासाठी अस्थी दिल्या ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. तिचा घरगुती अर्थ आज आपल्या आवाक्यात आला आहे.

तथापि भरावाला संजीवनी समजू नये. तो झीज कमी करतो, थांबवत नाही. उपलब्ध प्रयोगांवरून बचत साधारण एक-सव्वा मिलिमीटरची दिसते, आणि तो पुरावाही फार भक्कम नाही असे परीक्षकच सांगतात. ज्यास तेथे मूळ रोवायचेच नाही, किंवा अक्कलदाढ काढायची आहे, त्याने बहुधा या खर्चात पडू नये. कित्येकदा दात काढल्याबरोबरच मूळ बसवता येते. खोबणीत पू असेल तर आधी तो निवळू द्यावा लागतो. आणि तंबाखू, मिश्री, विडी चालूच ठेवून उत्तम भराव घातला, तरी जखम नीट भरून येण्याची खात्री कोण देणार?

म्हणून दात काढण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. हा दात वाचवता येणार नाही काय? या जागी पुढे काय बसवावयाचे आहे? त्यासाठी भराव खरोखर लागेल काय? आणि लागल्यास तो कशाचा? उत्तर देण्यास वेळ नाही असे कोणी म्हणाल्यास आपण दुसरा दवाखाना गाठावा. आम्ही हे चार प्रश्न विचारले असते, तर आज आपणांपुढे दोन्ही बाजूंनी चावणारा वक्ता उभा असता.

हनुमंताला औषधी ओळखता आली नाही, म्हणून त्याने सगळा द्रोणागिरी उचलून आणला. आपण एवढे कष्ट करण्याचे कारण नाही. ओळखून, विचारून, वेळेवर चिमूटभर आणले की काम होते.