सांध्यातील पेशींचे निरोप
(राजापेठ येथील सभेत दिलेले व्याख्यान)



आपल्या वऱ्हाडात बोटांचे सांधे सुजले की 'वात धरला' म्हणतात. वांगे-दही बंद होते, तेल चोळले जाते. दुखणे मात्र हटत नाही. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, पीठ मळता येत नाही, कापूस वेचता येत नाही, आणि दोन्ही हातांची तीच गत. हा आमवात. म्हातारपणी गुडघे झिजतात तो आजार निराळा. आमवात तरुणपणीही होतो आणि पुरुषांपेक्षा बायांना कितीतरी अधिक. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघरी पाहणी सुरू केली, तेव्हा साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला तो आढळला. चार हजार प्रौढांच्या गावात वीस माणसे झाली!

हे होते कसे? आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. त्यांना वाचा नाही; त्या प्रथिनाचे सूक्ष्म रेणू सोडून एकमेकींना निरोप देतात. या रेणूंना सायटोकाइन म्हणतात. जंतू मेला की निरोप थांबावेत. आमवातात मात्र या पेशी आपल्याच शरीराला परके समजतात, सांध्याच्या अस्तरात गोळा होतात, आणि निरोप थांबतच नाहीत. 'टीएनएफ' हा त्यातला एक, 'इंटरल्युकिन-६' दुसरा. इंटरल्युकिन-६ पेशीच्या दारावर येऊन चिकटला की दारामागची 'जॅक' नावाची विकरे जागी होतात, ती 'स्टॅट' या प्रथिनाला खूण करतात, आणि स्टॅट पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुके चालू करते. विद्यार्थ्यांनी याची आकृती वहीत जरूर काढावी. हाच निरोप यकृताला मिळाला की ते सीआरपी बनवते. रक्ततपासणीत डॉक्टर पाहतात ते हेच. हाड झिजवणाऱ्या पेशींनाही अशीच चेतावणी मिळते, मग सांधा कायमचा वाकडा होतो. हे नुकसान पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच सुरू होऊ शकते.

माझ्या मावशीची ती दोन वर्षे बिनानावाच्या पुड्यांत गेली. त्यात स्टेरॉइड होते, हे फार उशिरा कळले. सूज उतरायची, म्हणून तिला कोणी डॉक्टरकडे नेलेच नाही. आज तिला लुगड्याची गाठ मारता येत नाही.

निरोप अडवता येतात. १९९२ साली लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि भारतीय वंशाचे रविंदर मैनी यांनी टीएनएफ अडवणारे औषध आमवाताच्या रुग्णांना प्रथम दिले. जॅक अडवणाऱ्या टोफासिटिनिब गोळीला अमेरिकेत २०१२ साली परवानगी मिळाली. पण निरोप अडले की जंतूंविरुद्धचा पहाराही ढिला पडतो. दबलेला क्षय उफाळू शकतो. म्हणून आधी क्षयाची तपासणी करतात.

बहुतेकांना सुरुवात मात्र मेथोट्रेक्सेट या जुन्या, स्वस्त गोळीनेच करतात. गरोदरपणात ती चालत नाही, हे तरुण भगिनींनी डॉक्टरांना आधीच सांगावे. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची; रोज घेतली तर जिवावर बेतते. वार ठरवून घरातल्या कॅलेंडरवर खूण करून ठेवावी. सकाळचा आखडलेपणा सहा आठवडे टिकला, तर इर्विन दवाखान्यात दाखवावे, आणि आधीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटेसुद्धा सोबत न्यावीत.

आता आपले प्रश्न घेतो.