गाईच्या पोटातली चूल

जंतू म्हटलं की आपल्याला रोगच आठवतो. पण दुधाला विरजण लावतो, तेही जंतूच की!

स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2015 साली एक प्रयोग जगापुढे मांडला. उंदरांना 6 अंश थंडीत ठेवलं, तर त्यांच्या आतड्यातले जंतू बदलले. हे बदललेले जंतू, पोटात एकही जंतू नसलेल्या दुसऱ्या उंदरांना दिले. तर तेही थंडी जास्त सोसू लागले!

आता आपल्या दावणीकडे या. गाई-शेळीच्या पोटाचा मोठा कप्पा, म्हणजे कोटीपोट, हे जंतूंचं गावच. कडबा पचवणं एकट्या गाईला जमत नाही, हे जंतू तो आंबवतात. आंबवताना ऊब तयार होते. थंडीत ही चूल उपयोगी पडते, उन्हाळ्यात तीच अंगावर येते. म्हणून भर उन्हात गाय वैरण कमी खाते. ते नखरे नव्हेत, ती चुलीतला जाळ कमी करते.

उन्हात धापा टाकताना रवंथ कमी होतो, लाळ बाहेर गळून जाते. ही लाळच पोटातला आंबटपणा मोडते. ती कमी पडली की जंतूंची घडी बिघडते, दुधाची फॅट उतरते आणि डेअरीत आपला भाव पडतो.

मग काय करायचं? वैरण पहाटे आणि दिवस कलल्यावर टाका. दुपारी सावली आणि पुढ्यात गार पाणी ठेवा. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा बदला.

आणि शिळा भात, पीठ, धान्य एकदम घालू नका. मी घातला होता. लग्नातला भात वाया जाऊ नये म्हणून शेळीपुढे पाटीभर ठेवला. रात्री पोट फुगलं. सकाळी बघू म्हणून मी झोपले. सकाळी शेळी नव्हती. गाभण होती हो. म्हणून सांगते, पोट फुगलं, रवंथ थांबला, तर सकाळची वाट पाहू नका. डॉक्टरांना लगेच बोलवा.

आज संध्याकाळी गाईच्या डाव्या कुशीत मूठ दाबून ठेवा. दोन मिनिटांत दोन-तीनदा पोट हाताला ढकलेल. समजा, चूल नीट चालू आहे.