‘अल्कोहोल’ : शब्द एक, द्रव्ये अनेक
(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कलाशाखेचा पदवीधर. रसायनशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु माहिती खात्यात शब्दांशी रोज गाठ पडते, आणि काही शब्दांच्या संदिग्धतेपायी माणसे दगावतात. ‘अल्कोहोल’ हा त्यांपैकी एक.

शब्द मूळचा अरबी. ‘अल्-कुहल’ म्हणजे डोळ्यांत घालावयाचा सुरमा. सुरम्याच्या बारीक पुडीवरून कोणत्याही पदार्थाच्या सूक्ष्म अंशाला आणि पुढे अर्काला हे नाव मिळाले. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने ते द्राक्षमद्याच्या अर्काला लावले. डोळ्यांच्या शोभेसाठी जन्मलेला हा शब्द आज डोळे घालविणाऱ्या द्रव्यालाही लागतो, हा दैवदुर्विलासच!

रसायनशास्त्रात अल्कोहोल हे एका मोठ्या कुळाचे नाव आहे. ग्लिसरीन त्याच कुळातले आणि मलमात असते ते सीटिल अल्कोहोलही. सर्वांत परिचित ते इथिल अल्कोहोल, म्हणजे आपला मद्यार्क. आपल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांत तो उसाच्या मळीपासून तयार होतो. दारूत तोच, औषधांत तोच, आणि अलीकडे इथेनॉल या नावाने पेट्रोलमध्ये मिसळतात तोही तोच. इंजेक्शनपूर्वी दंडावर पुसतात ते स्पिरिट मद्यार्काचे असते किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचे. त्यात सुमारे 70 टक्के अल्कोहोल व बाकी पाणी असते. पाण्यावाचून ते जंतूंवर तितकेसे प्रभावी ठरत नाही, हे ऐकून मला स्वतःला नवल वाटले होते.

याच कुळातील मिथिल अल्कोहोल मात्र विष आहे. कारखान्यांत ते द्रावक म्हणून लागते. रंगाने ते पाण्यासारखे, आणि दारूत मिसळले तर वासावरून वा चवीवरून ओळखू येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते व दृष्टीची नस निकामी होते. जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत अशा दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. एप्रिल 2021 मध्ये, टाळेबंदीत दारूची दुकाने बंद असताना, यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सॅनिटायझर पिऊन माणसे मेली. ‘त्यातही अल्कोहोलच आहे’ या समजुतीचा तो परिणाम. बाटलीवर लिहिलेला शब्द खोटा नव्हता. वाचणाऱ्याच्या मनातील अर्थ चुकीचा होता.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की, वर्गात नुसते ‘अल्कोहोल’ म्हणू नये. इथिल की मिथिल, हे प्रत्येक वेळी सांगावे. दारूबंदीच्या सभांतूनही हा भेद सांगितला पाहिजे. ‘दारू वाईट’ एवढ्यावर आपण थांबतो, आणि पिणारा आपले ऐकत नाही हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

पंचायत सदस्यांसाठी एक गोष्ट अधिक महत्त्वाची. मिथिलची विषबाधा लगेच दिसत नाही. पिणारा झोपतो, घरचे नशा समजून स्वस्थ राहतात, आणि बारा ते चोवीस तासांनी पोटदुखी, उलट्या, धाप व डोळ्यांपुढे धुके सुरू होते. अशा रुग्णाला घरगुती उपचारांत वेळ न दवडता थेट मोठ्या रुग्णालयात हलवावे. या विषावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला पाहिजे. पोलिसांच्या भीतीने माणसे खरे सांगत नाहीत. ती भीती सदस्यांनी स्वतः पुढे होऊन दूर करावी. उरलेली बाटली फेकू देऊ नये, डॉक्टरांकडे न्यावी. आणि त्याच गुत्त्यावर आणखी कोण प्याले होते, याचा शोध त्याच रात्री घ्यावा.